‘खासगी’ : एका विशेषणाचा तंजावरी इतिहास

कुंभकोणमहून पूर्वेकडे निघाले की सुमारे सहा किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् लागते. नागनाथस्वामींचे प्राचीन शिवालय आणि त्याच आवारातील राहूचे स्थान यांमुळे हे गाव तमिळ देशात सर्वपरिचित आहे. त्या लोहमार्गावरचे पुढचे स्थानक तिरुविडैमरुदूर, म्हणजे संस्कृत परंपरेतील मध्यार्जुन. १७९८ मध्ये तंजावरच्या गादीवरून दूर केले गेलेले अमरसिंह भोसले येथे राहावयास आले आणि राज्य नसलेला राजा म्हणून त्यांनी येथेच आपला लहानसा दरबार चालविला. राज्य गेले, पण वाडा, परिवार, आश्रित, गायक, पंडित आणि दानधर्म ही मागे उरली. गादी गेल्यावर राजाजवळ जे उरते त्याला कोणते विशेषण लावावे? इंग्रजी जाणणारा म्हणेल, ‘प्रायव्हेट’. मराठी जाणणारा म्हणेल, ‘खासगी’. द्वैभाषिक कोशात हे दोन शब्द एकमेकांसमोर निश्चिंतपणे बसलेले असतात. परंतु कावेरीच्या या सुपीक खोऱ्यात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, या दोन शब्दांतील अंतर एका राजघराण्याच्या सर्वस्वावर बेतले. शब्दाचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न तेव्हा कोशकारांचा राहिला नाही. तो सैन्याचा आणि न्यायासनाचा झाला.

इंग्रजी ‘प्रायव्हेट’ या विशेषणाचे मूळ लॅटिन ‘प्रिवातुस्’ या शब्दात आहे. रोमन व्यवहारात ‘प्रिवातुस्’ म्हणजे ज्याच्याकडे कोणतेही राजपद किंवा अधिकारपद नाही असा मनुष्य. या शब्दाच्या मुळाशी ‘वेगळे करणे’, ‘वंचित करणे’ हा भाव आहे. इंग्रजी सैन्यातील सर्वांत खालच्या, कोणताही हुद्दा नसलेल्या शिपायाला ‘प्रायव्हेट’ म्हणतात ते याच अर्थाने. दैनंदिन बोलण्यात हा शब्द पुढे ‘आपल्यापुरते’, ‘इतरांना मज्जाव असलेले’, ‘गुप्त’ अशा अर्थच्छटा घेत गेला. कायद्यात मात्र त्याचा मूळचा कणा टिकून राहिला. जे सार्वजनिक नाही, म्हणजे जे राज्यसत्तेचे नाही, ते ‘प्रायव्हेट’. कायद्यातील हा शब्द स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. समोर ‘सार्वजनिक’ असले तरच त्याला अर्थ येतो.

‘खासगी’चा जन्म याच्या नेमका उलट टोकाला झाला आहे. अरबी ‘खास’ म्हणजे विशेष, निवडक, श्रेष्ठ. त्याला फारसी प्रत्यय लागून झालेला हा शब्द दरबारी भाषेच्या मार्गाने मराठीत आला. मराठी बखरी आणि पत्रे यांत ‘खासा’ म्हणजे साक्षात धनी. ‘खासा स्वारी’ म्हणजे धन्याची स्वतःची स्वारी. राजाच्या जातीने असलेल्या गोष्टीला ‘खासगी’ म्हणावयाचे. सामान्य रयतेच्या घरादाराला या विशेषणाची गरजच नव्हती. तिच्यासाठी ‘घरचे’, ‘आपले’, ‘वडिलार्जित’ असे साधे शब्द होते. लॅटिन शब्द पदहीनाचा, तर मराठीतला शब्द पदश्रेष्ठाचा. तमिळ भाषेत आज याच अर्थाने वापरला जाणारा ‘तनियार’ हा शब्द तिसऱ्याच वाटेने आला आहे. त्याच्या मुळाशी ‘तनि’, म्हणजे एकटे, सुटे, हा भाव आहे. त्यात उच्चनीचतेचा प्रश्नच उद्भवत नाही.

या व्युत्पत्तीतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. इंग्रजी शब्दाच्या मूळ अर्थाने राजा हाच असा एकमेव मनुष्य आहे की ज्याचे काहीही ‘प्रायव्हेट’ असणे कठीण. कारण तो स्वतःच सार्वजनिक सत्तेचे मूर्त रूप आहे. मराठी शब्दाच्या मूळ अर्थाने मात्र राजा हाच असा मनुष्य आहे की ज्याचे काही ‘खासगी’ असू शकते. इंग्लंडमध्येही ही अडचण जाणवली होती. तेथील राजाला स्वतःच्या पैशाने घेतलेली जमीन व्यक्ती या नात्याने बाळगता यावी आणि मृत्युपत्राने देता यावी यासाठी १८०० मध्ये तिसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीत पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्या राजासाठी ही सोय करून घेणाऱ्या राष्ट्राने दुसऱ्यांच्या राजांबाबत कोणती भूमिका घेतली, हे पुढे दिसेलच.

मराठी राज्यव्यवहारात ‘खासगी’ हा केवळ मालकीदर्शक शब्द नव्हता. तो एका खात्याचा, हिशेबाच्या एका स्वतंत्र वहीचा शब्द होता. राज्याचा वसूल, फौज, किल्ले हे एकीकडे. राजघरचा खर्च, वाडा, पागा, देवघर, दानधर्म हे दुसरीकडे. या खात्याचा कारभार पाहणाऱ्यास ‘खासगीवाले’ म्हणत. पुण्याच्या पेठा वसविण्यात ज्यांचे नाव घेतले जाते त्या जिवाजीपंत खासगीवाले यांच्या आडनावात ते पद आजही जिवंत आहे. होळकरांच्या घराण्यात तर ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन स्पष्ट विभाग होते. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांनी खासगी जहागीर करून दिली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली आणि देशभरातील घाट, मंदिरे, धर्मशाळा व अन्नछत्रे यांवर त्यांनी केलेला खर्च प्रामुख्याने या खासगीतून झाला. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. या खासगीची मालकी स्त्रीकडे होती आणि तिचा विनियोग मोठ्या प्रमाणावर लोकांसाठी होत होता. ‘प्रायव्हेट’ या इंग्रजी शब्दातील ‘इतरांना मज्जाव’ हा भाव या खासगीत नव्हता. राजाची खासगी ही प्रजेच्या दृष्टीने धर्माची वाट होती.

तंजावरचे भोसले हीच परंपरा घेऊन दक्षिणेत गेले होते. शहाजीपुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तेथे राज्य स्थापन केले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्काटचा नबाब आणि इंग्रज कंपनी यांच्या कात्रीत ते राज्य सापडले. १७८७ मध्ये तुळजाजी वारले. त्यांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींचे दत्तविधान कंपनीने आधी अग्राह्य ठरविले आणि तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर आले. काही वर्षांनी पंडितांची मते पुन्हा मागविण्यात आली, तेच दत्तविधान ग्राह्य ठरले आणि १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले. धर्मशास्त्र बदलले नव्हते. त्याचा अर्थ विचारणाऱ्याची गरज बदलली होती. गादी मिळाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, सरफोजींनी सर्व मुलखाचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला राहिला आणि वर्षाला एक लक्ष होन व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढी नेमणूक ठरली.

या तहाने राजपणाचा अर्थच पालटला. दौलत गेली, जे उरले ते जवळजवळ सगळे खासगीच होते. सरफोजींनी त्या खासगीतून काय उभे केले हे मराठी वाचकास सांगावयास नको. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह त्यांनी वाढविला, छापखाना चालविला, वैद्यकाचे प्रयोग करविले, यात्रेकरूंची छत्रे सांभाळली. १८०३ मध्ये त्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. एका कुळाची वंशावळ, आणि ती सर्वांसाठी खुल्या असलेल्या देवळाच्या भिंतीवर! खासगी आणि सार्वजनिक यांच्यामध्ये त्या राजाच्या मनात भिंत नव्हती. होती ती दोन्हींना एकत्र आणणारी भिंत होती, असेच म्हटले पाहिजे.

सरफोजींचे पुत्र शिवाजी २९ ऑक्टोबर १८५५ रोजी वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता; मागे राण्या व कन्या होत्या. कंपनीच्या संचालकांनी तंजावरचे राज्य समाप्त झाल्याचे ठरविले. ऑक्टोबर १८५६ मध्ये आयुक्त फोर्ब्स यांनी लष्कराच्या साहाय्याने वाडा ताब्यात घेतला आणि चीजवस्तूंवर मोहोरा लावल्या. जडजवाहीर, जमिनी, कोठ्या, ग्रंथ, शस्त्रे यांपैकी राज्याचे कोणते आणि राजाचे स्वतःचे कोणते हा विचार ताबा घेताना झाला नाही. तो नंतर करू, असे सांगण्यात आले.

ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी हे मुकाट्याने मानले नाही. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी कंपनीवर दावा दाखल केला. त्यांची बाजू जॉन ब्रूस नॉर्टन या नामांकित वकिलाने मांडली. दाव्याचे मर्म एका विशेषणात सामावले होते. राज्य गेले असेल तर ते राजकारणाचे प्रकरण. परंतु राजाची ‘प्रायव्हेट’ मालमत्ता हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे त्याच्या विधवेकडे वारसाहक्काने आली पाहिजे, आणि तेवढ्यापुरती कंपनी ही इतर कोणत्याही प्रतिवादीसारखीच एक प्रतिवादी आहे. मद्रासच्या न्यायालयाने हा युक्तिवाद मान्य करून राणीच्या बाजूने निर्णय दिला. राजवाड्यातील एका मराठी विधवेने कंपनी सरकारला तिच्याच न्यायालयात हरविले, तेही उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असण्याच्या काळात, ही घटना लहान नव्हे.

कंपनीचे अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. जुलै १८५९ मध्ये लॉर्ड किंग्जडाउन यांनी निर्णय सांगितला. तोवर कंपनीचे राज्य संपून राणीचा अंमल सुरू झाला होता. म्हणून प्रकरणाच्या मथळ्यावर एका बाजूस भारतमंत्री आणि दुसऱ्या बाजूस कामाक्षीबाई साहेब अशी नावे आहेत. निर्णयाची रचना विलक्षण आहे. कंपनीचा या राज्यावर किंवा राजाच्या मालमत्तेवर कायद्याने कोणता हक्क पोहोचत होता हे कागदपत्रांतून शोधणे अत्यंत कठीण आहे, हे न्यायमूर्तींनी मोकळेपणाने मान्य केले. तंजावरचा राजा कंपनीचा मांडलिक जहागीरदार नव्हता. त्याचे राज्य कितीही लहान असले तरी तो स्वतंत्र राजा होता. निपुत्रिक मेला म्हणून ते राज्य बेवारस ठरत नव्हते, हेही त्यांनी सांगितले. येथवर वाचणाऱ्यास वाटावे की राणी जिंकली. परंतु याच स्वातंत्र्याने तिचा घात केला. राजा स्वतंत्र होता, म्हणून त्याची मालमत्ता घेणे हे एका सत्तेने दुसऱ्या सत्तेशी केलेले राजकृत्य ठरले. ते न्याय्य होते की अन्याय्य, याचा विचार करण्याचा अधिकार देशांतर्गत न्यायालयांना नाही. जे घेतले ते सार्वजनिक असो वा खासगी, सरकारने ते सगळे घेण्याच्या हेतूनेच घेतले होते. चुकून घेतलेले परत करण्याचे आश्वासन सरकारने दिले असले तरी ते सरकारने पाळावयाचे, न्यायालयाने पाळावयास लावावयाचे नाही.

या निर्णयातील शब्दांकडे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबून पाहावे. देशांतर्गत न्यायालयांसाठी तेथे ‘म्युनिसिपल’ हे विशेषण आले आहे. सामान्य वाचकास त्यातून नगरपालिका आठवावी. कायद्याच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ एका राज्याच्या सीमेत चालणारा कायदा, एवढाच आहे. याहून मोठा उपरोध ‘प्रिव्ही’ या शब्दात आहे. ‘प्रायव्हेट’ आणि ‘प्रिव्ही’ ही एकाच लॅटिन मुळाची दोन अपत्ये. प्रिव्ही कौन्सिल म्हणजे राजाची खासगी सल्लागार सभा. इंग्लंडच्या राणीच्या खासगी सभेने तंजावरच्या राणीच्या खासगीला न्यायालयाचे दार बंद केले. एकीचे ‘खास’ असणे हे सत्तेचे लक्षण ठरले. दुसरीचे ‘खास’ असणे हे तिला नडले.

तंजावरच्या वाड्यात ‘खासगी’ची सारी प्रतिष्ठा राजपदाशी बांधलेली होती. दाव्यात मात्र तीच मालमत्ता राजपदापासून तोडून दाखविणे भाग होते. नाहीतर तिला ‘प्रायव्हेट’ म्हणता येत नव्हते. प्रिव्ही कौन्सिलने ती तोड नाकारली. राजाचे राजपण कारभारापुरते कधीच संपले होते. ते नेमके जप्तीच्या क्षणापुरते पुन्हा जिवंत मानण्यात आले.

अर्थात प्रकरण येथे संपले नाही. १८६२ मध्ये सरकारने कृपा म्हणून, हक्क म्हणून नव्हे, राजाची जमीनजुमल्याची मालमत्ता वारसांकडे परत करण्याचा हुकूम काढला. ज्येष्ठ राणीने व्यवस्था पाहावी, सर्व राण्यांचा त्यावर उपभोग असावा आणि शेवटची राणी वारल्यावर राजाच्या कन्येकडे किंवा पुढील वारसांकडे ती जावी, असे ठरले. आता ही मालमत्ता कायद्याच्या काटेकोर अर्थाने ‘प्रायव्हेट’ झाली, आणि त्याचे परिणाम लगेच दिसले. ती खासगी होती तेव्हा तिच्याविषयी न्यायालयात जाण्याचा प्रश्नच नव्हता. ती प्रायव्हेट होताच घरातील भांडणे चव्हाट्यावर आली. राण्यांपैकी जिजायांबाबाई यांनी कामाक्षीबाईंवर दावा केला. मद्रास उच्च न्यायालयाचा त्यावरील १८६८ चा निर्णय सवत-विधवांच्या सामाईक हक्काविषयी पुढे दीर्घकाळ आधारभूत मानला गेला. जिने सरकारविरुद्ध ‘प्रायव्हेट’ शब्दाचा आधार घेतला होता, तिलाच त्या शब्दाची दुसरी धार सोसावी लागली.

१९२४ मध्ये तर तंजावरच्या वाड्याच्या इस्टेटीचा वाद मद्रास उच्च न्यायालयात पराकोटीस गेला. राजाच्या ‘तलवारीशी’ विवाह लागलेल्या स्त्रियांची संतती औरस की अनौरस, आणि ती अनौरस असली तरी तिला हिस्सा मिळतो का, हे ठरविण्यासाठी तंजावरचे भोसले क्षत्रिय की शूद्र, हा प्रश्न न्यायासनाने विचारात घेतला आणि ते शूद्र असल्याचा निष्कर्ष काढला. सगोत्र वारस म्हणून कोल्हापूरच्या महाराजांचाही या प्रकरणात दावा होता. इतिहासाने, शाहिरांनी आणि शिलालेखाने ज्या कुळाचे वर्णन केले त्याचा वर्ण शेवटी एका मिळकतीच्या वाटणीसाठी नोंदला गेला. खासगी आयुष्याला ‘प्रायव्हेट’ मालमत्तेच्या कायद्याने किती उघडे पाडावे, याचे याहून बोलके उदाहरण मराठी इतिहासात सापडणे कठीण.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न साऱ्या देशात उभा राहिला. संस्थाने विलीन होताना प्रत्येक राजाने आपल्या ‘प्रायव्हेट’ मालमत्तेची यादी द्यावयाची होती. वाद झाल्यास केंद्र सरकारने नेमलेल्या व्यक्तीचा निर्णय अंतिम होता. राज्यघटनेच्या ३६३ व्या अनुच्छेदाने अशा करारांतून निघणाऱ्या वादांना न्यायालयाचे दार बंद केले. १८५९ चा तर्क वेगळ्या वेषात, आणि यावेळी लोकसत्तेच्या बाजूने, परत आला होता. होळकरांच्या खासगीचा पुढे विश्वस्त निधी झाला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सार्वजनिक न्यास असल्याचे ठरवून मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली त्याची नोंदणी करण्याचा आदेश दिला. नावात ‘खासगी’ आणि कायद्यात ‘सार्वजनिक’, ही वरवर पाहता विसंगती. पण अहिल्याबाईंच्या खासगीचा मूळ हेतू ज्यास ठाऊक आहे त्याला तीत विसंगती दिसणार नाही.

तिरुनागेश्वरम्‌सारख्या क्षेत्रात या शब्दाची आणखी एक कसोटी पाहावयास मिळते. तमिळनाडूच्या १९५९ च्या धर्मादाय कायद्यानुसार जेथे हिंदू समाज किंवा त्याचा एखादा वर्ग सार्वजनिक पूजेसाठी हक्काने जातो ते ‘मंदिर’. कोणाच्या घरच्या देवळात शेजारीपाजारी यजमानाच्या अनुमतीने गेले तर ते देऊळ सार्वजनिक होत नाही. हक्काने गेले तर होते. नागनाथस्वामींच्या दारी राहुकालाच्या अभिषेकासाठी दूरदूरहून येणारा भाविक कोणाची परवानगी घेत नाही. सार्वजनिक आणि खासगी यांतील भेद येथे मालकीच्या कागदावर नव्हे, तर उंबरठा ओलांडणाऱ्याच्या अधिकारावर ठरतो. कामाक्षीबाईंना जे नाकारले गेले ते नेमके हेच होते. १८६२ मध्ये त्यांना मालमत्ता मिळाली, पण ती अनुमतीने मिळाली, हक्काने नव्हे.

‘खासगी’ हा शब्द या काळात राजवाड्यातून उतरून घराघरांत आला. त्याचे ‘खाजगी’ हे रूप रूढ झाले. खाजगी शिकवणी, खाजगी कंपनी, खाजगी दवाखाना असे त्याचे संसार वाढले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने व्यक्तीचा खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. एके काळी केवळ ‘खाशां’ना लागू असलेले विशेषण आता प्रत्येक नागरिकाच्या पाठीशी, आणि तेही सत्तेच्या विरोधात, उभे आहे. तंजावरच्या राणीने जो अर्थ मागितला होता तो असा दीड शतकाहून अधिक काळाने, आणि सर्वांसाठी, मान्य झाला.

तंजावरच्या वाड्यातील एका संपत्तीने मात्र याच्या उलट दिशेने प्रवास केला. सरस्वती महालातील संस्कृत हस्तलिखितांची सूची ए. सी. बर्नेल यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केली तेव्हाही तो राजवाड्यातील ग्रंथसंग्रहच होता. १९१८ मध्ये तो सार्वजनिक ग्रंथालय झाला आणि राजघराण्याच्या वारसांनी आपापले संग्रह त्याला दिले. जवाहीर विकले गेले, जमिनी वाटल्या गेल्या, दाव्यांचे निकाल कायद्याच्या ग्रंथांत जाऊन बसले. पोथ्या आणि मोडी रुमाल राहिले ते कोणाचेही खासगी नसल्यामुळे. मराठीचा अभ्यासक आज तेथे जाऊन एखादा रुमाल मागतो तेव्हा तो कोणाच्या कृपेने मागत नाही.